तिसऱ्या खांबावरचं स्वयंपाकघर

तफीदा गच्चीवर कणकेचे गोळे उन्हात फुगायला मांडत होती, तेवढ्यात खालून शेजारच्या उबैदची हाक आली.

"खाला! अगं ए खाला! ते लोक आज तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात पोचले बरं का!"

"कोण लोक रे?"

"देवळातले. पूर्वेकडचा तिसरा खांब. परांची सकाळीच तिकडे सरकवली. म्हटलं, घरमालकिणीला कळवावं."

उबैद देवळाच्या फाटकावर राखण्या होता आणि कुणाची तरी थट्टा केल्याशिवाय त्याला सकाळचा घास गोड लागत नसे. तो हसत हसत कामावर निघून गेला. तफीदाला मात्र हसू आलं नाही. हातातला गोळा मातीच्या तबकडीवर ठेवून ती कठड्यापाशी गेली. उसाच्या शेतांपलीकडे देवळाचं सपाट दगडी छप्पर दिसत होतं. चालत गेलं तर दहा मिनिटं. पण त्या छपराखाली तिने पाऊल टाकलं त्याला सत्तावन्न वर्षं होऊन गेली होती.

तफीदाचा जन्म देवळातला. म्हणजे शब्दशः देवळातलाच. नगा अबू रीशा गावातल्या त्या मोठ्या मंडपात तेव्हा मातीच माती होती, छताखाली जेमतेम दीड पुरुष जागा उरेल एवढी. त्या मातीवर सात घरं नांदत होती. खांबांची फक्त डोकी वर निघालेली असत, दगडात कोरलेल्या खजुरीच्या पानांची. असं एक डोकं तफीदाच्या घरात अगदी स्वयंपाकघराच्या मधोमध होतं. तिची आई त्या पानांच्या टोकांना लसणाच्या माळा अडकवायची आणि वरच्या कडेवर चीज मुरवायचे डेरे ठेवायची. ते देवळाच्या खांबाचं डोकं आहे हे पोरांना कुणी सांगितलं नव्हतं. पोरांच्या लेखी ते फडताळ होतं.

पुढे सरकारने सातही घरांना गावाबाहेर नवी घरं बांधून दिली, माती उपसली आणि देऊळ पायथ्यापर्यंत मोकळं केलं. निघायच्या दिवशी आईने डोक्यावर परात घेतली, मागे वळूनसुद्धा बघितलं नाही, आणि मुलींना बजावलं, "जिथून उठलो तिथे पुन्हा घुटमळायचं नाही." मुली घुटमळल्या नाहीत. मग लग्न, मुलं, शेत, नवऱ्याचं लांबलेलं आजारपण. जावंसं वाटायला सवडच कुठे मिळाली?

पण गेली चार वर्षं केना शहरातून माणसं येत होती. परांचीवर उताणी पडून, कापसाच्या बोळ्यांनी छतावरची काजळी पुसत होती. ती काजळी कुणाची हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्या सात घरांतल्या मुलांना शाळेत "काजळे" म्हणून चिडवायचे. आणि आता परकी, शिकलेली माणसं आपल्या आईच्या स्वयंपाकघराचं छत घासायला बसली आहेत, आणि घरचं कुणी त्यांना साधं पाणी विचारायलाही गेलेलं नाही, ही गोष्ट तफीदाला कशीतरीच वाटली. आईला हे कळलं असतं तर ती शरमेने मेलीच असती.

दुपारपर्यंत भाकऱ्या टम्म फुगून भाजून झाल्या. तिने बारा भाकऱ्या फडक्यात बांधल्या, बरोबर खारवलेल्या चीजचा वाडगा घेतला, काळी ओढणी नीट केली आणि निघाली.

फाटकावर उबैदने हात आडवा धरला. "तिकीट?"

"मी इथे जन्मले तेव्हा तुझ्या बापाने तिकीट फाडलं होतं का रे?"

"मग भाकरीची एक जकात तरी दे."

भाकरी देऊन ती आत गेली आणि दोन पावलांतच थबकली. तिची नजर सवयीने खाली गेली. जमिनीवर कुठेतरी आपला उंबरठा असेल, चुलीची जागा असेल, असं तिला नकळत वाटत होतं. खाली होती नुसती थंडगार फरशी. मग तिने वर बघितलं. खांब वर चढत चढत पार अंधारात गेले होते आणि त्या टोकाला, सहा पुरुष उंचीवर, त्यांची पानांची डोकी होती. फडताळ तिथे होतं. म्हणजे घर तिथे होतं, वर हवेत. जमीन काढून घेतली होती आणि घर तसंच अधांतरी राहिलं होतं.

अर्धं छत निळंभोर झालेलं. त्यावर पंख पसरलेली गिधाडं, पिवळ्या चांदण्यांच्या रांगा. उरलेलं अर्धं काळंकुट्ट. तिला काळं ओळखीचं वाटलं. निळं म्हणजे लोकांचं घर.

परांचीच्या शिडीवरून एक बाई खाली उतरली. पन्नाशीची, कपाळावर दिवा बांधलेला, नाकावरची पट्टी गळ्यात ओढलेली. ही डॉक्टर सुहैर, सफाईच्या कामाची मुख्य.

"हाज्जा," तिने वडीलधाऱ्या बाईला मारतात तशी हाक मारली, "आज मंडप बंद आहे. कोणी सोडलं तुम्हाला आत?"

"मी बघायला नाही आले," तफीदा म्हणाली. "ती वरची काजळी आमची आहे. माझ्या आईची. थोडी आजीचीही असेल. तुम्हाला फार त्रास झाला असेल, म्हणून भाकऱ्या आणल्यात."

सुहैरने मान वर करून हाक दिली, "खाली या रे सगळे! घरमालकीणबाई जेवण घेऊन आल्यात."

सात-आठ जण खांबाच्या सावलीत गोल बसले. भाकऱ्या मोडल्या, चीज फिरलं, कुणीतरी चहा ठेवला. कामगारांचा मुकादम रैस बखीत, दोन मुली, तीन पोरगे, आणि एक वदीअ नावाचा गप्प गप्प फोटोग्राफर. त्याच्या गळ्यात कॅमेरा आणि बोटांना काळं.

"तू काय करतोस बाबा?" तफीदाने त्याला विचारलं.

"फोटो काढतो हाज्जा. पुसायच्या आधी एक, पुसल्यावर एक."

"घाणीचेपण काढतोस?"

"घाणीचे आधी."

"अरे देवा! म्हणजे सगळ्या जगाला आमचं छत दिसणार."

सगळे हसले. सुहैर म्हणाली, "हाज्जा, वाईट नका वाटून घेऊ. तुमच्या काजळीनेच खालचे रंग जपलेत. उन्हाने, वाऱ्याने, वटवाघळांनी कधीच उडवले असते. झाकण घातल्यासारखं झालं."

तफीदाने ते ऐकून घेतलं. आईला सांगायला हवं होतं, असं तिच्या मनात आलं. चाळीस वर्षांपूर्वी.

चहा झाल्यावर वदीअने आपला लॅपटॉप तिच्यापुढे धरला. "हे बघा, हा तुमचा भाग. आज सकाळी घेतलाय. गुरुवारी पुसायला घेणार." पडद्यावर काळा चौकोन होता. त्यात मध्यभागी तीन पांढुरके डाग. "हे कसले डाग ते आम्हाला नीट कळलं नाही. चुन्याचे आहेत एवढं नक्की. यादीत तसंच लिहिलंय, 'चुन्याचे डाग, तीन'."

तफीदाने चष्मा पुसला. पुन्हा लावला.

"डाग नाहीत हे," ती म्हणाली. "ह्या आम्ही आहोत."

कुणालाच काही कळेना. तिने बोट पडद्यावर टेकवलं. "ही फरहाना. माझी मोठी बहीण. ही मी. आणि हा, हा सगळ्यात लहान, हा रद्वान."

"हाताचे ठसे?" सुहैर वाकून बघायला लागली. "वदीअ, मोठं कर जरा." वदीअने मोठं केलं. काळ्यात हळूहळू बोटं दिसायला लागली.

"आजोबा हज करून आले तेव्हा घराला चुना काढला होता," तफीदा सांगत होती. "सगळीकडे बसला, छताला मात्र बसेना. काजळीवर पातळ चुना कुठला बसतोय? मग तळाशी उरलेल्या घट्ट चुन्यात आईने आमचे हात बुडवले आणि चुलीच्या वर छताला लावले. दृष्ट लागू नये म्हणून."

"आणि रद्वान कुठे असतो आता?" वदीअने विचारलं.

"तो गेला. त्याच्या पुढच्याच वर्षी. तीन दिवस ताप आला. सहा वर्षांचा होता."

तफीदा उठली, फडकं झटकलं. "बरं, पुसा तुम्ही. तुमचं काम आहे ते. तसं ठेवून काय करायचंय? उद्या भांडं न्यायला येईन." आणि ती चालायला लागली.

घरी आल्यावर मात्र तिचं कशात लक्ष लागेना. कोंबड्यांना दाणे टाकले ते दोनदा टाकले. रद्वानचा एकही फोटो नव्हता. कागद नव्हता. कबरीवरचा दगड केव्हाच मातीत गेला होता. आईने त्याच्या नंतर त्याचं नाव घेतलं नाही, आणि आई घेत नाही म्हणून मुलींनीही घेतलं नाही. फरहाना लग्न होऊन नदीपलीकडे दिश्नाला गेली. ती सणासुदीला यायची तेव्हा म्हशीबद्दल, सुनांबद्दल, गुडघ्यांबद्दल बोलायची. इतकी वर्षं झाली, की तफीदाला कधीकधी शंका यायची, आपल्याला भाऊ होता हे आपण मनानेच तर रचलेलं नाही ना? आणि आज एका परक्या माणसाच्या पडद्यावर तो पाच बोटं फाकवून बसला होता.

दुसऱ्या दिवशी भांडं न्यायला जाताना ती ठरवूनच गेली.

"मला वर जायचंय," तिने रैस बखीतला सांगितलं.

रैसने आधी तिच्याकडे, मग परांचीकडे बघितलं. "हाज्जा, वर बकरीसुद्धा चढत नाही."

"बकरीचं वर काही काम नसतं."

"तुमचं वय काय?"

"तुझ्यापेक्षा दहा वर्षांनी जास्त, आणि मी रोज गच्ची चढते. तू चढतोस का?"

"गुडघे?"

"आहेत. दोन आहेत."

रैसने सुहैरकडे बघितलं. त्याला वाटलं ती नाही म्हणेल. सुहैरने आपल्या डोक्यावरचा कडक टोप काढला आणि तफीदाच्या ओढणीवर चढवून पट्टा आवळला. "रैस, कमरेचा पट्टा आण. दोर तू स्वतः धर. आणि प्रत्येक मजल्यावर पाच मिनिटं बसायचं. हाज्जा, चालेल?"

"बसायला मला काही हरकत नाही."

पाच मजले होते. पुढे वदीअ, मागे रैस, मधे तफीदा. पहिल्या मजल्यावर तिने रैसच्या बायकोची चौकशी केली. दुसऱ्यावर त्याच्या मुलीसाठी स्थळ सुचवलं. तिसऱ्यावर तिचा श्वास लागला आणि ती गप्प झाली. चौथ्यावर ती म्हणाली, "मी खाली बघणार नाही. मला कुणी बघ म्हणू नका." रैस मागून म्हणाला, "हाज्जा, बघू नका म्हणणारा मी पहिला. मला आधी माझे पाय सांभाळू दे." त्यावर तिला हसू आलं आणि हसण्याच्या भरात शेवटची शिडी पार झाली.

वरच्या फळ्यांवर उभं राहता येत नव्हतं. वदीअने एक पोतं अंथरलं. "इथे आडव्या व्हा हाज्जा. आम्ही असंच काम करतो."

ती उताणी झाली. कपाळापासून हातभर अंतरावर छत होतं.

आणि एका क्षणात तिला सगळं कळलं, आपण कुठे आहोत ते. खाली फरशीवर सापडत नव्हतं ते सगळं इथे जागच्या जागी होतं. डावीकडे खांबाचं डोकं, त्याची पानं. एका पानाचं टोक तुटलेलं, ते फरहानाने जात्याचा दांडा मारून तोडलं होतं आणि मार तफीदाने खाल्ला होता. पलीकडे छताच्या दोन शिळांमधली फट, तिथून धूर जायचा, निम्माच जायचा. हे इथे पाण्याचा माठ. ह्या बाजूला आईचं अंथरूण. ती लहान असताना अशीच उताणी पडायची आणि आईच्या चुलीचा धूर त्या फटीकडे सरकताना बघत असायची. तिने दीर्घ श्वास घेतला. औषधाचा वास होता, पण त्याच्या मागे, अगदी मागे, जळक्या काडाचा तो जुना वास.

"मी घरी आहे," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही.

वदीअने दिवा तिरपा केला तसे हात काळ्यातून वर आले. फरहानाचा लांब, बोटं जुळवलेली. तिचा स्वतःचा जरा फिस्कटलेला. चुन्याने हात चुरचुरला म्हणून ती रडली होती, तिला आठवलं. आणि त्यांच्या शेजारी तो. केवढासा! खजुराएवढी बोटं. अंगठा पार बाजूला ताणलेला, जसा पोरं मुद्दाम ताणतात तसा.

"एवढाच होता?" तफीदा पुटपुटली. "माझ्या आठवणीत मोठा होता. मला कडेवर घ्यायला जड जायचा."

"तुम्ही किती वर्षांच्या होता?"

"आठ."

"मग जड जाणारच," वदीअ म्हणाला.

त्याने कॅमेरा लावला, दोनदा काढला, पुन्हा लावला. मग खिशातून एक काळी-पांढरी पट्टी काढली. "हाज्जा, जरा मदत कराल? प्रत्येक फोटोत ही मोजपट्टी लागते, वस्तू केवढी आहे ते कळायला. ती त्याच्या हाताशेजारी धरा. छताला टेकू देऊ नका."

तिने पट्टी धरली. वदीअ म्हणाला, "श्वास सोडा. पूर्ण सोडा. आता तसंच राहा." खट्‌ आवाज झाला. आणखी चार वेळा झाला.

त्याने पडद्यावर बघितलं. "फोटोत तुमची बोटं आलीत, हाज्जा."

"मग परत काढ की बाबा."

"काढायला हवा खरा." तो अजून बघतच होता. "नको. हाच राहू दे."

सुहैरही वर आली होती. फळीच्या कडेला गुडघे दुमडून ती सगळं ऐकत होती. आता ती सरकत जवळ आली. "हाज्जा, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. चुना काजळीवर बसलाय. काजळी काढली की तो राहत नाही. तो वेगळा करता येत नाही, मी काल संध्याकाळपासून तोच विचार करतेय."

"मी काही म्हटलं का? पुसा. आमच्या आईला आवडलं असतं पुसलेलं."

"थांबा, पुढचं ऐका. छताच्या प्रत्येक भागात आम्ही एक छोटा चौकोन मुद्दाम न पुसता ठेवतो. आधी कसं होतं ते पुढच्या लोकांना कळावं म्हणून. साक्षीचा तुकडा म्हणतो आम्ही. ह्या भागात तो तिकडे कोपऱ्यात ठेवायचा विचार होता. पण तो कुठे ठेवायचा हे मीच ठरवते." तिने बोटाने हवेत चौकोन काढला. "एवढाच असतो, वीतभर. तिघं मावणार नाहीत. एकच हात. कोणता ते तुम्ही सांगा."

तफीदाने सांगायला वेळ लावला नाही. "त्याचा."

"तुमचा शेजारीच आहे. जरा सरकवला तर तुमची दोन बोटं येतील आत."

"माझी कशाला? मी आहे की अजून." तिने मोजपट्टी वदीअला परत दिली. "त्याला ऐसपैस राहू दे. तो झोपेतसुद्धा पाय पसरायचा."

सुहैरने नाकावरची पट्टी वर ओढून घेतली आणि दुसरीकडे बघत दिव्याची वायर गुंडाळायला लागली, जरी ती गुंडाळायची काही गरज नव्हती.

उतरताना चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. खाली पाय टेकल्यावर रैस बखीतने दोर सोडला, कपाळ पुसलं आणि म्हणाला, "हाज्जा, आता ते स्थळ कोण ते सांगा. मधेच राहिलं."

गुरुवारी तफीदा पुन्हा भाकऱ्या घेऊन गेली, पण वर गेली नाही. खांबाला टेकून बसून राहिली. वरून कापसाचे काळे बोळे बादलीत पडत होते. दुपार कलल्यावर सुहैरचा आवाज घुमत खाली आला.

"हाज्जाऽऽ! तुमच्या हाताखाली चांदणी निघाली!"

"कसल्या रंगाची?"

"पिवळी!"

"आणि फरहानाच्या?"

"गिधाडाच्या पंखाचं टोक!"

"बरोबर आहे!" तफीदा ओरडली. "ती तशीच आहे!" परांचीवर हसण्याचा गलका झाला. हसता हसता तिने ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. आईची काजळी उतरत होती. सहा पुरुष उंचीवरून बादलीत येत होती, आणि आईने स्वतः कधी न पाहिलेलं तिचं छत वर उमटत होतं.

आठवड्याने वदीअने दोन मोठे फोटो जाड कागदावर छापून आणून दिले. एक तिला, एक फरहानाला. तफीदाने त्याच दिवशी दिश्नाला फोन लावला.

"कशाचा फोटो?" फरहाना म्हणाली. "काजळीचा? तू वर चढलीस? ह्या वयात? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"रद्वानचा आहे," तफीदा म्हणाली.

"शुक्रवारी येते," फरहाना म्हणाली.

शुक्रवारी फरहाना नावेतून नदी ओलांडून आली. लेकाने तिला गाडीतून दारापर्यंत आणलं आणि बजावलं, "आई, चार वाजता घ्यायला येतो. शेवटची नाव चुकवायची नाही." शहात्तर वर्षांची फरहाना काठी टेकत आत आली, खाटेवर बसली, घरातला पडदा कुणी निवडला म्हणून नाक मुरडलं, चहात साखर कमी आहे म्हणाली. तफीदाने फोटो तिच्या मांडीवर ठेवला.

फरहानाने तो लांब धरला, जवळ धरला. पट्टीवरची बहिणीची सुरकुतलेली बोटं बघितली. मग लहान हातावरून नजर हलवलीच नाही. शेवटी तिने नखाने एक जागा दाखवली, मनगटापाशी, तळव्यापासून जरा सुटून, एक गोल पांढरा ठिपका.

"हे काय म्हणाले ते लोक?"

"ओघळ असेल म्हणाले. चुन्याचा."

"ओघळ कसला! माझा अंगठा आहे तो." फरहानाचा आवाज बारीक झाला. "तो हात लावू देईना. त्याला फडताळावर उभं केलं होतं, आईने खालून पाय धरले होते, आणि मी मागे चढून त्याचं मनगट धरून दाबलं छताला. माझा हात चुन्याने भरलेलाच होता. तू कुठे होतीस?"

"मी कोपऱ्यात रडत होते. हात चुरचुरत होता."

"हो. तू रडत होतीस आणि तो हसत होता."

तफीदा तिच्याशेजारी खाटेवर बसली. तिने इतकी वर्षं कुणालाच न विचारलेलं आता विचारलं. "कसा हसायचा गं तो? मला तोंड आठवतं, हसणं आठवत नाही."

"पुढचे दात पडले होते त्याचे. म्हणून ओठ मिटून हसायचा. नाकातून आवाज यायचा." फरहानाने ओठ मिटून तसा आवाज काढून दाखवला. तो इतका मजेशीर होता की तफीदाला हसू फुटलं, आणि मग दोघींनाही आवरेना, आणि मग ते हसणं कुठे संपलं आणि रडणं कुठे सुरू झालं हे दोघींनाही कळलं नाही.

"तू कधी त्याचं नाव काढलं नाहीस," तफीदा नाक पुसत म्हणाली.

"तू काढलं नाहीस म्हणून. मला वाटलं, तू लहान होतीस, विसरली असशील. बरंच झालं म्हटलं, उगाच कशाला उकरा?"

"मला वाटलं, तू विसरलीस."

"मी?" फरहाना रागावलीच. "माझ्या तिसऱ्या मुलाचं नाव काय आहे, सांग."

तफीदाने सांगितलं नाही, कारण त्या तिसऱ्याला सगळं घर टोपणनावानेच हाक मारायचं, आणि त्याचं कागदावरचं नाव रद्वान आहे हे तिला आत्ता, ह्या क्षणी, लख्ख आठवलं.

चार वाजता बाहेर गाडीचा भोंगा वाजला. फरहाना काठी टेकत दारापर्यंत गेली. "आज नाही. उद्या ये. नाही, परवा ये."

परवाही ती गेली नाही. आठ दिवस राहिली. रद्वानने कोंबडीला टोपी कशी घातली होती, तो "र" कसा म्हणायचा, आजोबांच्या काठीचा घोडा कसा केला होता, एकेक निघत राहिलं. दोघींच्या आठवणी जुळायच्या नाहीत तेव्हा भांडणही व्हायचं. जायच्या आदल्या दिवशी तफीदा तिला देवळात घेऊन गेली. उबैदने तिकिटाचा विनोद केला आणि फरहानाने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने निमूटपणे फाटक पूर्ण उघडलं.

तिसऱ्या खांबाखाली दोघी उभ्या राहिल्या. वर निळ्यात एक काळा ठिपका दिसत होता, हातरुमालाच्या घडीएवढा. हात काही दिसत नव्हता.

"एवढंसं?" फरहाना म्हणाली.

"वरून मोठं दिसतं."

"मी काही चढणार नाही हं."

"तुला कोण चढू देतंय?"

वदीअ पलीकडे सामान आवरत होता. त्या दोघींना बघून तो पुढे आला आणि फोटो काढू का म्हणून विचारलं. तसा हा फोटो कुठल्याच यादीत बसत नव्हता. दोघी खांबाला पाठ लावून उभ्या राहिल्या. फरहानाने काठी मागे लपवली.

"तफीदा," ती ओठ न हलवता म्हणाली, "आत्ता आपण घरात आहोत की घराखाली?"

"घराखाली."

"मग पोक काढून उभी राहू नकोस. आई बघत असेल."